घरबसल्या खान्देश फिरायचा तर : स्ट्रीट व्ह्यूवरून भूगोल वाचायची माझी पद्धत

आधीच सांगतो, ही सगळी पद्धत मी एका फजितीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी अकरावी-बारावीच्या पोरांना भूगोलाचं प्रॅक्टिकल द्यायचं होतं, सहलीला ना पैसे ना परवानगी, मग म्हटलं चला मोबाइलवरच नदी दाखवू. बोरी नदीच्या पुलावरचा एक फोटो उघडला, पात्रात नुसती वाळू आणि गोटे, मी लगेच वहीत लिहून टाकलं की बोरी कोरडी, प्रवाह नाही. घरी आबांना दाखवलं. आबांनी चष्मा वर केला, फोन लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "तुना तो फोटोवाला मे महिनामा उना व्हई भो." कोपऱ्यात पाहिलं तर खरंच महिना मे होता. तो तिथे लिहिलेलाच होता, मी वाचला नव्हता एवढंच.

तर हा लेख त्यासाठी. रस्त्यावरून काढलेले फोटो, म्हणजे ते गाडीवर कॅमेरा लावून गोल फिरवता येणारे, त्यांच्यावरून एखाद्या मुलखाचा भूगोल कसा अभ्यासायचा हे पायरी पायरीने सांगतो. उदाहरणं सगळी आपल्या खान्देशातली घेतो, कारण मला तोच माहितीये, आणि जळगाव-धुळे-नंदुरबार या तीन जिल्ह्यांत केळीपासून भाताच्या शेतापर्यंत आणि तापीच्या गाळापासून सातपुड्याच्या कड्यापर्यंत इतकं काही आहे की बाहेर जायची गरजच पडत नाही.

सॅटेलाइट असताना याची गरज काय असं पोरं दरवेळी विचारतात. सॅटेलाइटवरून छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. नदीचं पात्र दिसतं पण काठ किती उभा आणि त्यात गाळाचे थर किती ते दिसत नाही. झाडाचा शेंडा दिसतो, बुंधा नाही. जे जे उभं आहे ते बघायला रस्त्यावरच उतरावं लागतं.

पायरी १ : आधी प्रश्न ठरवा, मग फोटो उघडा

इथेच निम्म्या लोकांची गाडी घसरते. उघडलं की दोन तास कुठे कुठे फिरत बसतात आणि शेवटी हातात काही नाही. "धुळे जिल्ह्याचा भूगोल" हा प्रश्न नाही, ते पुस्तकाचं नाव झालं. प्रश्न असा पाहिजे की रस्त्यावर उभं राहून त्याचं उत्तर मोजता येईल. माझ्या पोरांनी घेतलेले काही सांगतो : रावेरकडून चोपड्याकडे जाताना केळी कुठे विरळ होते? मातीच्या धाब्याची घरं कुठपर्यंत आणि उतरत्या कौलांची कुठून सुरू होतात? नदीच्या पात्रातले दगड डोंगराजवळ केवढे आणि तापीजवळ केवढे? दुकानांच्या पाट्यांवर गुजराती अक्षरं कुठून दिसायला लागतात?

प्रश्न एका ओळीत वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मध्येच दुसरं काही भारी दिसलं तर ते मागच्या पानावर टिपा, त्याच्यामागे पळू नका (मी अजूनही पळतो, तो भाग वेगळा).

पायरी २ : आपल्याकडे फोटो आहेत तरी कुठे

गूगलने स्ट्रीट व्ह्यू २००७ मध्ये अमेरिकेत सुरू केलं. आपल्याकडे २०११ मध्ये बेंगळुरूत गाडी फिरायला लागली आणि पोलिसांनी हरकत घेतल्यावर थांबली, पुढे २०१६ मध्ये सरकारनेही परवानगी नाकारली. २०२१ मध्ये नकाशांबद्दलचे नियम सैल झाले, पण रस्त्यावरून असे फोटो गोळा करायचं काम भारतीय कंपन्यांनीच करायचं असं ठरलं. म्हणून जुलै २०२२ मध्ये गूगल परत आलं ते जेनेसिस आणि टेक महिंद्रा यांच्यासोबत. पहिल्या १० शहरांत आपल्या बाजूची नाशिक आणि नगर होती, खान्देशातलं एकही नव्हतं. मग जाळं वाढत गेलं. हा इतिहास मुद्दाम सांगतोय कारण त्याचा थेट परिणाम अभ्यासावर होतो, परदेशातल्या शहरांत १५ वर्षांपूर्वीचे फोटो सुद्धा मिळतात, आपल्याकडे जुने थर फार पातळ आहेत.

तुमच्या भागात काय आहे ते बघायला कॉम्प्युटरवर गूगल मॅप उघडा आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातला पिवळा माणूस माउसने उचलून धरा, सोडू नका, नुसता धरून ठेवा. जिथे गाडी फिरलीये तिथे निळ्या रेघा उमटतात. निळे गोल ठिपके म्हणजे कुणीतरी हौसेने एकाच जागी उभं राहून काढलेला गोल फोटो. रेघ ही अभ्यासाला चांगली, कारण ती एका दमात, एकाच उंचीवरून घेतलेली असते. ठिपके बहुतेक देवळं, किल्ले, धरणं अशा ठिकाणी असतात, आणि ते काढणारा माणूस चांगला दिवस, चांगला अँगल बघूनच काढतो हे लक्षात ठेवा.

गूगलवर रेघ नसेल तर मॅपिलरी बघा. हे २०१३ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालं, २०२० मध्ये फेसबुकने घेतलं, लोक आपल्या मोबाइलने काढलेले फोटो त्यावर टाकतात. त्यात तारखेप्रमाणे गाळणी लावता येते, ही मोठी सोय. कार्टाव्ह्यू पण असंच आहे. मॅपमायइंडियाचं मॅपल्स हे देशी, त्यातही रस्त्यावरचे गोल फोटो असतात. चारही उघडून बघा, एकावर नाही ते दुसऱ्यावर सापडतं. आणि कुठेच नसेल तर शेवटच्या पायरीवर या, स्वतः काढायचे.

पायरी ३ : रेघ आखा आणि थांबे आधीच ठरवा

भूगोलात याला छेदरेषा म्हणतात. मला खान्देशासाठी दोन रेघा फार आवडतात. दोन्ही पूर्व-पश्चिम, एक तापीच्या दक्षिणेला, एक उत्तरेला.

दक्षिणेची म्हणजे सुरत-नागपूर हायवे, आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३, आपले जुने लोक अजून सहा नंबरच म्हणतात. नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारी घाट, दहिवेल, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर. अडीचशे किलोमीटरच्या वर जाते. उत्तरेची म्हणजे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. रावेर, सावदा, फैजपूर (हो, १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचं फैजपूर), यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा. हा रस्ता सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने जातो, आणि डोंगरातून उतरणारा प्रत्येक नाला त्याला आडवा येतो. अभ्यासाला सोन्यासारखा रस्ता आहे. गाडी चालवायला कसा आहे ते विचारू नका.

आता थांबे. दर ५ किलोमीटरला एक, असं आधीच नकाशावर टिंब टिंब करून ठेवा. का? कारण नुसतं फिरत गेलं की माणूस चांगलं दिसेल तिथेच थांबतो. एका पोरीने रावेर तालुक्याचा अभ्यास केला आणि १५ पैकी १५ थांब्यांवर केळी, मी म्हटलं एवढी कशी? तर ती केळी दिसली की थांबत होती! टिंब आधी ठरलेलं असेल तर तिथे नुसती पडीक जमीन आणि वेडी बाभूळ असली तरी तेच लिहायचं. त्याशिवाय प्रत्येक पूल हा जादा थांबा. टिंबावर फोटो नसेल तर पुढच्या २०० मीटरमध्ये जो असेल तो घ्या आणि तसं नोंदवा.

पायरी ४ : थांब्यावर उतरल्यावर पहिलं काम तारीख

आबांचा धडा. महिना आणि वर्ष कोपऱ्यात असतं, ते आधी लिहा, मगच मान वर करा. खान्देशात एकच शेत वर्षात तीन रूपं दाखवतं. मेमध्ये नांगरलेलं काळं रान, ऑगस्टमध्ये हिरवी कपाशी, नोव्हेंबरात पांढरी बोंडं, आणि त्याच शेतात कापूस उपटून हरभरा टाकला तर जानेवारीत परत हिरवं. दादर (रब्बीची ज्वारी) असेल तर ती थंडीत उभी दिसेल. केळीचं वेगळं, तिची मृगबाग पावसाळ्याच्या तोंडाशी लागते आणि कांदेबाग पावसाळा सरल्यावर, त्यामुळे केळी कुठल्या ना कुठल्या वयाची बारा महिने दिसते. म्हणजे मेच्या फोटोत हिरवं दिसलं तर तिथे विहिरीचं, बोअरचं किंवा पाटाचं पाणी आहे एवढं तरी बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. पण ऑगस्टच्या फोटोत हिरवं दिसलं तर त्यावरून पाण्याबद्दल काहीच म्हणता येत नाही.

अजून एक गोची. एकाच रस्त्यावर चालता चालता अचानक ऊन पालटतं, झाडं लहान-मोठी होतात, कारण मधला तुकडा दुसऱ्या वर्षी काढलेला असतो. कोपऱ्यातली तारीख दर थांब्याला बघा, एकदा बघून चालत नाही.

जिथे जुन्या तारखा मिळतात तिथे त्या उघडून तुलना करा, चौपदरीकरणाच्या आधी रस्त्याकडेला निंब आणि वडाची कमान होती की नव्हती हे त्यातच कळतं. मिळत नसतील तर गूगल अर्थमध्ये वरून जुन्या वर्षांची चित्रं बघता येतात, तिथे झाडांच्या सावल्या मोजल्या तरी चालतं.

पायरी ५ : चारही दिशांना तोंड करा

दर थांब्याला उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी चार तोंडं आणि प्रत्येकाचा एक स्क्रीनशॉट. होकायंत्राचं चिन्ह स्क्रीनवर असतंच. कॉम्प्युटरवर असाल तर वरच्या पत्त्याच्या पट्टीत आधी अक्षांश, मग रेखांश, आणि थोडं पुढे एका आकड्याला 'एच' अक्षर चिकटलेलं दिसेल, ती कॅमेऱ्याची दिशा. ९० म्हणजे पूर्व, १८० दक्षिण, २७० पश्चिम. ती अख्खी लिंक कॉपी करून नोंदवहीत ठेवा, सहा महिन्यांनी कुणी विचारलं कुठला फोटो तर बरोब्बर त्याच जागी, त्याच तोंडाने उभं राहता येतं.

सावलीवरून दिशा काढायची हौस असेल तर एक सांगतो, पुस्तकात लिहिलेलं असतं की दुपारी सावली उत्तरेला पडते. आपण कर्कवृत्ताच्या खाली, साधारण २१ अंशावर. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या जरासा उत्तरेला असतो आणि सावली उलट दक्षिणेला पडते, अगदी आखूड. उन्हाळ्याच्या फोटोत याच्यामुळे पार गोंधळ होतो.

कॅमेऱ्याबद्दल दोन गोष्टी. एक, तो गाडीच्या टपावर, अडीच मीटरच्या आसपास असतो, म्हणजे आपल्या डोळ्यांपेक्षा वर. जपानमध्ये लोकांच्या कुंपणावरून आत दिसतं म्हणून तक्रारी झाल्या आणि २००९ मध्ये गूगलला कॅमेरा ४० सेंटीमीटर खाली घ्यावा लागला होता. आपल्याला याचा फायदा असा की कपाशीच्या वरून मागचं सगळं दिसतं. पण केळी लागली की संपलं, हिरवी भिंत, तिच्यामागे काय ते देव जाणे. दोन, हा कॅमेरा रुंद बघतो म्हणून लांबचे डोंगर बुटके दिसतात. यावलजवळ उभं राहून उत्तरेला पाहिलं तर सातपुडा एखाद्या बांधाएवढा वाटतो. झूम करा, मग तो डोळ्याला दिसतो तसा होतो. धुरकट हवेत तर तो दिसतच नाही, आणि तेव्हा "डोंगर नाही" असं लिहायचं नाही, "दिसला नाही" असं लिहायचं.

पायरी ६ : वाचायचं काय काय

ही पायरी लांब होणार, कारण खरी मजा इथेच.

क्षितिजापासून सुरुवात करा. उत्तरेला सातपुड्याची भिंत एकदम उभी, कारण तापी वाहते ती खचलेल्या दरीतून. दक्षिणेला आणि धुळ्याच्या बाजूला मात्र डोंगरांचे माथे सपाट आणि अंगाला पायऱ्या पायऱ्या, हे दख्खनच्या लाव्ह्याचे थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. धुळ्याहून आग्रा रोडने नाशिककडे निघालात तर लळिंगचा किल्ला दिसतो, त्याच्या अंगावरच्या पायऱ्या मोजायचा प्रयत्न करा. आणि धुळे-नंदुरबार भागात सपाट रानात मध्येच एखादी सरळसोट, बुटकी, अंगावर दगडांचा खच पडलेली लांबच लांब टेकडी दिसली तर ती साधी टेकडी समजू नका. ते डाइक, जमिनीच्या भेगेत शिरून थिजलेला लाव्हा. आजूबाजूचा मऊ खडक झिजला आणि हा कडक म्हणून भिंतीसारखा उभा राहिला. आपल्याकडे त्यांची अक्षरशः जत्रा आहे आणि बहुतेक पूर्व-पश्चिम पसरलेत. रस्त्यावरून एक तुकडा दिसला की लगेच सॅटेलाइटवर जा, तीच रेघ किलोमीटरच्या किलोमीटर गेलेली सापडेल. ही जोडी मला सगळ्यात आवडते, खालून ओळखायचं आणि वरून मोजायचं.

साक्रीच्या बाजूला क्षितिजावर पवनचक्क्या दिसतील, ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या. पावसाळ्यातला फोटो असेल तर त्यांची तोंडं पश्चिम-नैऋत्येला बघत असतात का ते तपासा, वारा कुठून येतोय ते फोटोतच कळतं.

मग घाटात या. कोंडाईबारी घाट. आपल्याकडे बारी म्हणजे खिंड, सेलबारी, डोलबारी, कोंडाईबारी, नावातच भूगोल सांगितलेला आहे. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे थांबून भिंतीवर झूम करा. काळा कडक थर, त्याच्यावर भुसभुशीत मांजऱ्या (बारीक पोकळ्या-ठिपक्यांचा) खडक, कुठे कुठे मध्येच विटकरी तांबडा पट्टा. तो तांबडा पट्टा म्हणजे एक लाव्हा थंड झाला, त्याची माती व्हायला लागली, मग दुसरा लाव्हा येऊन ती भाजून निघाली. पोरांना हे वर्गात फळ्यावर सांगितलं की झोप येते, भिंतीवर बोट ठेवून दाखवलं की स्वतः शोधायला लागतात.

या बारीच्या अलीकडे-पलीकडे पाऊस बदलतो. नवापूरकडे हजार मिलिमीटरच्या वर, भाताची खाचरं, मोहाची आणि सागाची झाडं. पूर्वेला साक्री-धुळ्याकडे उतरलात की पाऊस खूप कमी, बाजरी, कपाशी, बाभूळ, निंब. आता घरांकडे बघा. नवापूर-अक्कलकुव्याकडे जुनं घर असेल तर उतरतं कौलारू, पाणी निथळून जावं म्हणून. धुळे-जळगावकडे जुनं घर म्हणजे धाबं : जाड मातीच्या भिंती, वर लाकडं टाकून सपाट मातीचं छप्पर, पाणी काढायला पन्हाळी. एवढ्या पावसाला सपाट छप्पर चालतं आणि उन्हाळ्यात आतमध्ये गार. माझ्या आजीकडे पावसाळ्याच्या आधी धाब्यावर पांढरी माती टाकायचे ते मला आठवतं, तरी एका कोपऱ्यात पातेलं ठेवावंच लागायचं. आता सगळीकडे पत्रे आणि स्लॅब आलेत, हायवेच्या कडेला तर तेच दिसणार, म्हणून फाट्यावरून गावात शिरणारी निळी रेघ असेल तर आत जा. आणि छप्परापेक्षा भिंत बघा. छप्पर लवकर बदलतं, भिंत मागे राहते.

नद्या. पुलावर थांबा, तोंड पात्राकडे करा, खाली बघा. तापीच्या दोन बाजूंच्या उपनद्या अगदी वेगळ्या आहेत. उजव्या म्हणजे उत्तरेच्या सातपुड्यातून धावत आलेल्या, आखूड : सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई. डाव्या लांबलचक : पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरच्या पुलांखाली कलिंगडाएवढे गोल गोटे दिसतात का बघा, कारण उतार संपला की पाणी आपलं ओझं तिथेच टाकतं. या गोट्यांच्या पट्ट्यात पाणी झिरपतं आणि खालच्या विहिरींना जातं. यावल-रावेरची केळी इतकी का, याचं एक उत्तर त्या पुलाखाली पडलंय, दुसरं लोकांच्या ड्रिपमध्ये आणि बोअरमध्ये. (जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किती खोल बोअर घेऊन ती पिकवतोय ते मानांकनात लिहीत नाहीत.)

आता तापीवर या, शिरपूरच्या अलीकडे सावळद्याचा पूल घ्या. इथे गोटे नाहीत, पिवळट तपकिरी गाळाचे उंच काठ, उभे कापल्यासारखे, आणि त्यात पावसाने पाडलेल्या घळी. मग जळगावच्या पश्चिमेला बांभोरीचा गिरणेवरचा पूल घ्या, तिथे पात्रात वाळू किती, खडक कुठे उघडा पडलाय, आणि पात्रात टायरचे माग आहेत का, हे टिपा. टायरच्या मागांचा अर्थ मी सांगायला नको. गोट्याचा आकार मोजायचा तर फोटोत शेजारी ओळखीचं काहीतरी शोधा, बकरी, मोटरसायकल, पुलाचा कठडा. बरोबर आकडा येत नाही, पण मूठ, नारळ, मडकं, पिंप अशा चार मापांत वर्गवारी नक्की होते, आणि तेवढी पुरते.

पाट्या. मैलाच्या दगडाचं रंगवलेलं डोकं बघा, पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य महामार्ग, नारिंगी म्हणजे ग्रामसडक. गाड्यांचे नंबर धूसर केलेले असतात, त्यामुळे एमएच १८, १९, ३९ वरून धुळं-जळगाव-नंदुरबार ओळखायची हुशारी इथे चालत नाही, पण एसटीवर आगाराचं नाव असतं ते वाचता येतं. नवापूरकडे गुजराती पाट्या मिसळतात, तिथलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. रावेरच्या पुढे हिंदी वाढते. पण इथे एक मोठा धोका आहे. पाट्यांवरून भाषेचा नकाशा काढला तर अहिराणी नावाची भाषा खान्देशात नाहीच असा निष्कर्ष निघेल! लेवा गणबोली नाही, पावरी नाही, भिली नाही. बाजारात कान लावला तर तीच ऐकू येते, आणि फोटोला कान नसतात. अभ्यासात हे वाक्य जरूर घाला.

हंगामी धंदे पण दिसतात. नंदुरबारकडे थंडीतला फोटो मिळाला तर पथारीवर वाळत घातलेली लाल मिरची, मैदानच्या मैदान. जळगावकडे आसोदा-भादलीच्या बाजूला भरताच्या पाट्या. भूक लागेल, सांभाळा.

पायरी ७ : नोंदवही आणि ताळा

मी एक्सेलमध्ये एवढेच रकाने करतो : थांबा नंबर, लिंक, फोटोचा महिना-वर्ष, दिशा, काय दिसलं, त्यावरून काय वाटलं, खात्री किती. "दिसलं" आणि "वाटलं" हे दोन रकाने कधी एकत्र करायचे नाहीत. "पात्रात पाणी नाही" हे दिसलं. "नदी आटली" हे वाटलं. माझी बोरीची फजिती या दोन रकान्यांच्या मधल्या भिंतीवरच झाली होती.

दोघांनी एकच १० थांबे वेगवेगळे नोंदवून बघा. एकाला जी बाभूळ वाटते ती दुसऱ्याला निंब वाटते, जिथे जुळत नाही ती नोंद संशयित धरा. मग ताळा करायला सॅटेलाइट, इस्रोचं भुवन (२००९ पासून आहे), आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे, जे फुकट डाउनलोड होतात. नकाशावर पाट, कालवे, जुनी गावठाणं आणि उंचीच्या रेघा असतात, त्या फोटोशी जुळवल्या की पांझरेच्या बाजूला एखादं शेत का हिरवं आहे ते उमगतं, तिथे जुन्या फड पद्धतीचा बंधारा असू शकतो, पाट काढून गावाने पाणी वाटून घ्यायची पद्धत, काही ठिकाणी अजून चालू.

आणि एक मोठी त्रुटी कायम डोक्यात ठेवा. गाडी रस्त्यावरून जाते. अक्राणीच्या डोंगरात जिथे रस्ताच नाही तो पाडा या फोटोत नाही. डांबरी रस्त्याकडेची दुकानं, ढाबे, शाळा, प्लॉटिंगचे बोर्ड यात जास्तच दिसतात. म्हणून टक्केवारी काढलीत तर "रस्त्याकडेच्या घरांपैकी" असं लिहा, "तालुक्यातल्या घरांपैकी" नाही.

स्क्रीनशॉट प्रोजेक्टमध्ये लावताना खाली असलेलं कंपनीचं नाव कापू नका. गूगलचे फोटो ढिगाने उतरवून साठवायची परवानगी नाही. मॅपिलरीचे फोटो नाव देऊन, त्याच अटींवर वापरता येतात, छापायचं असेल तर तेच बरे. आपलं घर दिसतंय आणि नको असेल तर गूगलवर समस्या कळवा या पर्यायातून ते धूसर करून घेता येतं, फक्त एकदा केलं की परत उघडं होत नाही.

पायरी ८ : रेघ नसेल तर स्वतः काढा

मॅपिलरीचं ॲप, मोटरसायकलच्या हँडलला पक्का मोबाइल होल्डर, आणि मागे बसायला एक माणूस, एवढंच लागतं. मोबाइल आडवा धरायचा, जीपीएस चालू, काच पुसलेली (आपल्या धुळीत दर अर्ध्या तासाला पुसावी लागते). सूर्य पाठीशी राहील अशी वेळ, म्हणजे पश्चिमेला जायचं तर सकाळी आणि परत यायचं ते संध्याकाळी, दोन्ही दिशांचे फोटो होतात. वेग कमी ठेवा, ३०-३५ पुरे. घरी येऊन वायफायवर अपलोड. चेहरे आणि नंबर तिथे आपोआप धूसर होतात, तरी टाकायच्या आधी एकदा चाळून घ्या.

कुठे काढायचे नाहीत हेही सांगून ठेवतो. भुसावळ आणि वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीजवळ मोबाइल खिशात. दीपनगरचं वीज केंद्र, धरणाच्या भिंती, रेल्वेचं यार्ड, तिथे पण नको, उगाच चौकशी मागे लागते. पाड्यावर जायच्या आधी पाटलाला किंवा सरपंचाला सांगा काय करतोय ते, दाखवा फोन. नदीवर बायका कपडे धूत असतील तर रेकॉर्डिंग बंद करून पुढे जायचं.

आम्ही मागच्या वर्षी असा एका फाट्यापासून गावापर्यंतचा ४ किलोमीटरचा रस्ता जूनमध्ये आणि परत डिसेंबरमध्ये काढला. डिसेंबरच्या खेपेला आबा स्वतःहून मागे बसले. पुलावर आल्यावर गाडी थांबवायला लावली, पात्रात घोटाभर पाणी वाहत होतं. म्हणाले, काढ आता, आणि तारीख नीट टाक.